‘त्यावर’ म्हणजे कशावर?

४ जून

मामा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलंत की नाही कोण जाणे. मी मुंगी, तुमच्या धाकट्या चुलतबहिणीची धाकटी. सहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय तेही गरज पडली म्हणून. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, माझी आत्ता कुठे सुरू होतेय.

आज माझ्यावर वीज कोसळली. विज्ञानाच्या चाचणीत आठपैकी शून्य! छत्तिसाव्या वर्षी भोपळा! पेपर हातात आल्यावर मी तो उलटा करून पाहिला, मागच्या पानावर तरी काही असेल म्हणून. नववीत शाळा सुटली ते आता दहावीला बाहेरून बसतेय, संध्याकाळच्या वर्गाला जाते. आमच्या पोहण्याच्या तलावावर पाणी तपासायची जागा निघालीय. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. मला ते काम फार आवडतं, पण दहावीशिवाय हात लावू देत नाहीत. गेली पाच वर्षं मी तिथेच कपडे बदलायच्या खोल्या धुते. ताई करायची तेच काम, तिच्याच जागेवर.

सगळं जमतं, पण ही समीकरणं संतुलित करा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी करायचं होतं. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. मी शहाणपणा करून उजवीकडच्या O खाली छोटा २ काढला. झालं की समान! तर आमच्या पोरसवदा सरांनी लाल शाईत लिहिलं, “हे प्यायलात तर दवाखान्यात जावं लागेल.” मी हबकलेच.

ताईची भिंगरी आता पंधराची आहे. तुम्ही पाहिली होतीत तेव्हा एका जागी पाय ठरत नव्हता तिचा, म्हणून तर भिंगरी. आता हाक मारली की उठते, जेव म्हटलं की जेवते. कुणी जरा खोकलं की मात्र खोलीतून निघून जाते. हल्लीच्या पोरांना आजाराची किळसच फार. तिला म्हटलं जरा शिकव, तर “मला नाही येत” म्हणून मोकळी.

तुम्ही एकतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंत. ताई गेली तेव्हा आलात, त्यानंतर आमचा उंबरा चढला नाहीत. का, ते मी विचारत नाही. मला फक्त पाणी कसं करायचं ते सांगा.

मुंगी


११ जून

चि. मुंगीस,

आशीर्वाद. आशीर्वाद देण्याइतका मी मोठा आहे की नुसताच म्हातारा, ते तू ठरव. अक्षर ओळखलं. पाकीट तासभर तसंच टेबलावर ठेवलं होतं, मग उघडलं. शून्य वाचून हसलो, बऱ्याच दिवसांनी हसलो. येणं झालं नाही त्याला माझे गुडघे कारण आहेत, बाकी काही नाही.

तुझ्या सरांचं बरोबर आहे. तो छोटा २ काढून तू पाण्याऐवजी जखम धुवायचं औषध केलंस. आता नीट ऐक. समीकरण म्हणजे बिऱ्हाड हलवणं. जुन्या घरातून जेवढं सामान निघालं तेवढंच नव्या घरात उतरलं पाहिजे. वाटेत कपाट हरवत नाही की नवी खुर्ची जन्माला येत नाही. मांडणी तेवढी बदलते.

खालचा छोटा आकडा म्हणजे त्या पदार्थाचा चेहरा. त्याला हात लावलास की माणूसच बदलतो. तुझ्या हातात फक्त पुढचा मोठा आकडा, म्हणजे अशी किती माणसं बोलवायची ते. तर पाणी असं:

2H₂ + O₂ → 2H₂O

बोटं मोडून मोज. डावीकडे हायड्रोजन चार, उजवीकडे चार. ऑक्सिजन दोन, दोन. मोजणी नेहमी एकाच क्रमाने कर. आधी धातू, मग कार्बनसारखे इतर, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजन सगळ्यांत शेवटी, कारण तो जिथेतिथे नाक खुपसून बसलेला असतो. एक आकडा बदललास की सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. कंटाळा येतो, पण दुसरा रस्ता नाही. पेनने करू नकोस, पेन्सिलने कर. खोडण्यात कमीपणा नसतो.

ही तीन करून पाठव. लोखंडाला गंज: Fe + O₂ → Fe₂O₃. चुलीतला गॅस जळतो ते: C₃H₈ + O₂ → CO₂ + H₂O. आणि फरशीवरच्या पांढऱ्या क्षारावर

तिसरं राहू दे. पहिली दोनच कर.

तुमच्या तिथे औषधांचे कॅन असतात ते तू हाताळतेस का? नसशील तर उत्तम. हाताळत असशील तर दुसऱ्याला सांग.

मामा


२५ जून

मामा,

नमस्कार, आणि आज दोनदा. पाच! गॅस जळायला पाच ऑक्सिजन लागतात! मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते उतू गेलं तरी माझी बोटांवर मोजणी चालूच. तीन कार्बन, तर उजवीकडे तीन. आठ हायड्रोजन, तर पाणी चार. मग ऑक्सिजन झाले सहा आणि चार दहा, म्हणून डावीकडे पाच. कुणी तरी माझ्या डोक्यातला दिवा लावला असं वाटलं. गंजाचं चार, तीन, दोन. बरोबर ना? भिंगरीला दाखवलं तर तिने वही हातात घेऊन बघितली आणि “हं” म्हणाली. तिच्या तोंडून “हं” येणंही आमच्या घरी बातमी आहे.

आता मला खाज सुटलीय. दिसेल त्या डब्यावरचं लेबल वाचते. साबणाचं वाचलं, सोड्याचं वाचलं. आमच्या कोठारात दोन कॅन असतात, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला कुलपात. मधल्या भिंतीवर लाल पाटी, ‘एकमेकांजवळ आणू नये.’ मी मुकादमांना विचारलं, का हो? ते म्हणाले, “नियम आहे, बाई. नियमाला का नसतं.” पहिल्या कॅनवर NaOCl लिहिलंय, ते जंतू मारायचं. दुसऱ्यावर HCl, ते टाकीतला क्षार काढायचं, आणि त्याला फक्त मुकादमच हात लावतात. मी दोन्ही डावीकडे मांडली, मध्ये अधिकचं चिन्ह काढलं, बाण काढला आणि बसले की. उजवीकडे काय लिहू? सामान निघालं, पण घर कुठलं ते माहीत नाही.

तुम्ही ते तिसरं अर्ध्यात का सोडलंत? मला आता अवघड दिलं तरी चालेल.

मुंगी


३० जून

चि. मुंगीस,

आशीर्वाद. दोन्ही बरोबर.

तू विचारलेलं अभ्यासक्रमात नाही. परीक्षेला येणार नाही, त्यामागे वेळ घालवू नकोस. सोबत बारा समीकरणं पाठवतोय, ती आधी संपव. मुकादम म्हणतात ते खरं आहे, नियम पाळावा.

तब्येत बरी नाही, म्हणून थोडक्यात.

मामा


१४ जुलै

मामा,

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

तुम्ही नाही सांगितलंत म्हणून मी आमच्या सरांना विचारलं. त्यांनी फळ्यावर उजवी बाजू लिहून दिली. मीठ, पाणी आणि Cl₂. म्हणाले, “आता आकडे तुम्ही भरा.” मी जागेवर बसून मोजलं. क्लोरीन डावीकडे दोन होते, उजवीकडे तीन. HCl च्या पुढे २ घातला आणि सगळं जुळलं. मला इतका आनंद झाला, मामा! मग मी विचारलं, “सर, हा Cl₂ म्हणजे?” ते म्हणाले, “विषारी वायू. पिवळट हिरवा, हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साचतो. दम्याच्या माणसाला तर दोन-चार श्वास पुरेत.”

मी वहीतल्या त्या Cl₂ भोवती पेन्सिलने गोल काढला.

ताई पाय धुवायच्या हौदाच्या खोलीत सापडली होती. त्या खोलीला खिडकी नाही. डॉक्टरांनी लिहिलं दम्याचा झटका. तुम्ही होतात तिथे, तुम्हालाही तेच सांगितलं. मी आले तेव्हा तिचे डोळे लाल झालेले होते, आणि तिच्या केसांना तलावाचाच वास होता, पण नाकात सुई घुसावी तसा. मला वाटलं होतं रडून रडून माझंच नाक चोंदलंय.

दुसऱ्या दिवशी मी तिकीटखिडकीवरच्या काकूंना गाठलं. त्यांनी आधी नाही नाही म्हटलं, मग पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. म्हणाल्या, “तिच्याजवळ दोन बाटल्या होत्या गं. मी उचलून ठेवल्या. मेलेल्या बाईवर ठपका येईल, म्हणतील हिनेच घोळ घातला, म्हणून.” मुकादमांना सांगितलं होतं का? तर हो! त्यांना माहीत होतं! ती लाल पाटी ताई गेल्यानंतर आठ दिवसांनी लागली, मामा. पाच वर्षं मी त्या पाटीखालून बादल्या नेतेय!

ॲसिड कुलपात असतं आणि किल्ली मुकादमांकडे. म्हणजे दिलं कुणी? सरळ आहे. सोमवारी, एकवीस तारखेला, मी कार्यालयात तक्रार देणार आहे. तुम्ही शिक्षक म्हणून मला एक कागद लिहून द्या, की ही दोन मिसळली तर काय होतं. तुमच्या शब्दाला वजन आहे, माझं कोण ऐकणार, मी तर शून्यवाली.

लवकर पाठवा.

मुंगी


१८ जुलै

मुंगी,

मुकादमांविरुद्ध तक्रार देऊ नकोस. ॲसिड त्यांनी दिलं नाही. तिने ते बाजारातून विकत आणलं होतं. मी सांगितलं म्हणून.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. आता पुढचं सलग लिहितो, थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

तिने मला पत्र पाठवलं होतं. हौदाच्या खोलीतल्या फरशांवर पांढरे डाग बसलेत, रोजचं औषध ओतून ओतून हात सोलले तरी जात नाहीत, तपासणी आलीय, मामा तुम्हीच काही सांगा. मी शाळेत मधल्या सुट्टीत, पोरांच्या वह्या तपासता तपासता, पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं. ते कार्ड सोबत पाठवतो आहे, पण त्यात काय आहे ते माझ्या हातानेही लिहितो:

“डाग क्षाराचे आहेत. तुझ्या औषधाने जायचे नाहीत. त्यावर थोडं ॲसिड टाक आणि पाच मिनिटं थांब. फसफसेल, घाबरू नकोस. दार लावून घे, पोरं आत यायला नकोत.”

‘त्यावर’ म्हणजे डागांवर. माझ्या डोक्यात डागच होते. पण वाचून बघ, त्या शब्दाच्या लगेच आधी डाग नाहीत, औषध आहे. तिने औषध ओतलं, आणि त्यावर ॲसिड टाकलं. आधी फरशी पाण्याने धुऊन घे, एवढी एक ओळ मी लिहिली नाही. वर्गात शंभर वेळा सांगितलेली ओळ. फसफसलं तेव्हा ती घाबरली नसेल, कारण घाबरू नकोस असं मीच म्हटलं होतं. दार लावून पाच मिनिटं थांबली असेल.

दवाखान्यात मला तिचा कामाचा ॲप्रन दिला. खिशात माझं कार्ड होतं, आणि दुकानातली ॲसिडच्या बाटलीची पावती. कार्डावरच्या दोन ओळी वाचल्या आणि काय झालं ते कळलं. डॉक्टरांनी विचारलं, “दमा होता ना यांना?” मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. म्हणून तर बोलायला इतकं सोपं गेलं. कार्ड मी खिशात घातलं आणि घरी आलो. काही महिन्यांतच नोकरी सोडली, मुदतीच्या आधी. फळ्याकडे पाठ करून उभा राहायला लागलो होतो, लिहवेना.

गुडघे माझे ठणठणीत आहेत.

तुला काय करायचं ते कर. कार्यालयात हेही पत्र दे. मी नाकारणार नाही.

मामा


३ सप्टेंबर

मामा,

दीड महिना मला तुमचं नावही तोंडात आणावंसं वाटलं नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली.

तुमचं पत्र एकवीसला आलं. पण मी सोमवारपर्यंत थांबलेच नव्हते. एकोणीस तारखेला, पोरांचा पोहण्याचा वर्ग चालू असताना, काठावर उभी राहून मी मुकादमांना ओरडून म्हटलं, “तुम्ही माझ्या ताईला मारलंत!” पोरं पाण्यात जिथल्या तिथे थांबली. मुकादमांनी कमरेची किल्ल्यांची जुडी काढली, बाकावर ठेवली आणि ओल्या पायांनी निघून गेले. चपला तिथेच. दोन दिवसांनी तुमचं पत्र आलं.

चपला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, “तू खोटं काय बोललीस? तपासणीच्या आधी डाग गेले नाहीत तर बघा, असं मीच तिला म्हटलं होतं. ते बोललो नसतो तर ती कशाला कुणाला विचारायला जाते? बाटल्यांचं कळलं तेव्हा नोकरीला भ्यायलो. पाटी लावली आणि गप्प बसलो.” तेही सहा वर्षं मीच मारलं, मीच मारलं, असं समजून जगतायत.

पण हे लिहायला मी पत्र लिहीत नाहीये.

तुमचं कार्ड मी कपाटात लपवलं होतं. गेल्या रविवारी भिंगरीच्या हाती लागलं. मी स्वयंपाकघरात होते. ती दारात आली, कार्ड हातात, चेहरा पांढराफटक. म्हणाली, “मावशी, हे खरं आहे? आई गॅसने गेली? दम्याने नाही?” मी म्हटलं, हो. ती खाली बसली. आणि म्हणाली, “मग पंप मी घेतला होता त्याचं काय?”

मला काही कळेना. कसला पंप?

दम्याचा पंप, मामा. त्या दिवशी सकाळी तिने आईच्या बॅगेतून दम्याचा पंप काढून घेतला होता. आरशावर फुस्स करून वाफ बसते का ते बघायला. आई हाक मारत होती म्हणून घाईत गादीखाली सारला, परत ठेवायचा राहिला. संध्याकाळी सगळे म्हणाले, दम्याचा झटका आला. नऊ वर्षांच्या पोरीने त्याचं काय समीकरण मांडलं असेल ते तुम्हीच बघा.

सहा वर्षं! एका खोलीत झोपतो आम्ही दोघी! कुणी खोकलं की उठून जायची आणि मी म्हणत होते किळस! पंप अजून तिच्याकडे आहे, जुन्या मोज्यात गुंडाळलेला. तिने मला काढून दाखवला.

तुम्ही गप्प, मुकादम गप्प, काकू गप्प. तिघं मोठी माणसं तीन ठिकाणी स्वतःला सांभाळत बसलात आणि सगळं ओझं गेलं त्या चिमुरडीच्या डोक्यावर.

तुमची माफी मला नको आहे. तुम्ही इथे या आणि तिच्या समोर बसून सांगा. पंप असता तर आई वाचली असती का, हा तिचा प्रश्न आहे. माझ्या नाही म्हणण्यावर तिचा विश्वास नाही, म्हणते, तू माझी मावशी आहेस म्हणून म्हणतेस. पण एक लक्षात ठेवा. तिला बरं वाटावं म्हणूनसुद्धा खोटं बोलायचं नाही. आधी माहिती काढा, मग या.

मुंगी


८ सप्टेंबर

मुंगी,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. गादीखालच्या पंपापाशी आलो आणि पुढचं दिसेना.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक छातीचा डॉक्टर आहे. उद्या त्याच्याकडे जातो. त्यालाही सगळं खरं सांगून विचारेन. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. राहणार नाही.

मामा


१६ सप्टेंबर

मामा,

तुम्ही आलात तसे गेलात, पाणीसुद्धा घेतलं नाहीत. भिंगरीने मला “तू बाहेर जा” म्हटलं म्हणून मी जिन्यात बसले. दीड तास. आतून एकदा काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मी उठले, पुन्हा बसले. तिला विचारलं तर म्हणते, आजोबांना विचार.

रविवारी ती दहा वाजेपर्यंत झोपली. सहा वर्षांत ती माझ्यानंतर कधी उठलेली नाही. मी इतकी घाबरले की तिच्या नाकापुढे हात धरून श्वास बघितला.

काय बोललात?

मुंगी


२१ सप्टेंबर

मुंगी,

जसं झालं तसं लिहितो.

ती टेबलापाशी बसली होती, पुढ्यात पंप. मी बसतो न बसतो तोच म्हणाली, “पंप असता तर?”

मी म्हटलं, “डॉक्टरांना विचारून आलोय. पंपाने छातीतल्या नळ्या थोड्या मोकळ्या होतात. पण आत जाणारी हवाच विषारी असेल तर पंप काय करणार? ते म्हणाले, तिला पंप नको होता, दार हवं होतं.”

“आणि दार लावून घे असं तुम्ही लिहिलंत.”

“हो.”

“शंभरातला एकपण चान्स नव्हता?”

इथे मी “नाही” असं म्हणू शकलो असतो. तुझं वाक्य आठवलं. म्हटलं, “शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, बाळा. पण तू पंप घेतला नसतास तर तो कुठे असता?”

“आईच्या बॅगेत.”

“आणि बॅग कुठे होती?”

तिला वाटत होतं बॅग आईजवळ होती. मुंगी, बॅग तिकीटखिडकीत खुंटीला अडकवलेली होती. काकूंनी ती तिथून काढून माझ्या हातात दिली होती. ओल्या खोल्यांमध्ये ती बॅग कधी नेत नसे. हे तुला माहीत होतं, काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं. फक्त जिला कळायला हवं होतं तिला नव्हतं, कारण तिला विचारायची भीती आणि आम्हाला सांगायची.

ती हळूच म्हणाली, “म्हणजे पंप बॅगेत असता तरी...”

“खिडकीत लटकत राहिला असता. बंद दारापासून चाळीस पावलं लांब.”

मग तिने तो पंप उचलला आणि माझ्या अंगावर फेकला. तुला आवाज आला तो तोच, मागच्या कपाटावर आपटला. “सहा वर्षं! का नाही सांगितलंत?”

मी म्हणालो, “भ्यायलो.”

ती म्हणाली, “मी नऊ वर्षांची होते. मीपण भ्यायले होते. तुम्ही किती वर्षांचे होतात?”

मी माझं खरं वय सांगितलं. सत्तावन्न. त्यावर ती खूप रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. तो हक्क मला आहे असं वाटलं नाही. नुसता बसून राहिलो.

परत जाताना तुमच्या कार्यालयात गेलो. ‘त्यावर’पासून ‘दमा होता’पर्यंत सगळं लिहून दिलं आणि सही केली. मुकादमही तिथेच बसले होते, तेही लिहीत होते. त्यांचं पेन बंद पडलं तेव्हा मी माझं दिलं.

मामा


९ नोव्हेंबर

आजोबा,

मावशी लिही म्हणत नाही आणि लिहू नकोस असंही म्हणत नाही, म्हणून मी माझं मीच लिहितेय.

हौदाच्या खोलीची भिंत फोडून गवंड्यांनी मोठी खिडकी बसवली. मी बघायला गेले होते. आत जाऊन उभी राहिले. मावशी दारात उभी होती आणि तिने दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. तिला सांगितलं, अगं ते लागत नाहीये, तरी सोडेना. मुकादम परत कामावर आलेत. मावशी त्यांच्याशी बोलते, पण नजर चुकवून, आणि तेही तसंच.

मावशीला परवाच्या चाचणीत आठपैकी सात मिळाले. एक कशाचा गेला म्हणून विचारलं तर बाण काढायलाच विसरली होती. मी इतकी हसले की शेजारच्या काकू काय झालं बघायला आल्या. मग मावशीच रडायला लागली. या घरात हल्ली कधी काय होईल सांगता येत नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन की नाही ते मला माहीत नाही, आणि करेन असं म्हटलं तर ते खोटं होईल. तुमच्यावर राग येतो तेव्हा खूप येतो. पण तुम्ही तेव्हा ‘शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही’ असं म्हणालात, म्हणून पुढचं सगळं मला खरं वाटलं.

एक काम आहे. आईने तुम्हाला डागांबद्दल पत्र लिहिलं होतं ना? तुम्ही ते टाकलं नसणार, मला माहीत आहे. आईचं अक्षर माझ्याकडे कुठेच नाही. वह्यांवर नावं घातली होती, त्या वह्या मावशीने रद्दीत दिल्या. तिला तरी काय माहीत.

पुढच्या वेळी याल तेव्हा ते पत्र आणा. पोस्टाने पाठवू नका, हरवेल. आणि त्यात तिने माझ्याबद्दल काही लिहिलं असेल तर आधी सांगू नका. मला ते तिच्याच अक्षरात पहिल्यांदा वाचायचंय.

भिंगरी